खापराच्या तुकड्यांवरून महाराष्ट्राचा इतिहास हजार वर्षं मागे नेणारे हसमुख सांकलिया

पाया खणताना खापराचे तुकडे निघाले तर आपण काय करतो? फेकून देतो. पण असे तुकडे धुऊन, मोजून, जुळवून पुण्यातल्या एका प्राध्यापकानं महाराष्ट्राचा इतिहास हजार वर्षांहून जास्त मागे नेला. त्यांचं नाव डॉ. हसमुख धीरजलाल सांकलिया.

जन्म १० डिसेंबर १९०८ चा, मुंबईतला. लंडन विद्यापीठातून त्यांनी पीएचडी केली. इंग्लंडमध्ये असतानाच मॉर्टिमर व्हीलर यांच्या उत्खननावर खोदकामाची शिस्त शिकून घेतली. १९३९ साली डेक्कन कॉलेज संशोधन संस्था म्हणून नव्यानं सुरू झालं आणि सांकलिया तिथं रुजू झाले.

तेव्हा महाराष्ट्राचा इतिहास सुरू व्हायचा सातवाहनांपासून. त्याच्या फार आधीची दगडी हत्यारं सापडत होती. पण मधल्या काळात इथं गावं होती का, शेती होती का, याचं उत्तर नव्हतं.

ते मिळालं संगमनेर तालुक्यात, प्रवरेकाठच्या जोर्वे गावात. १९५०-५१ मध्ये सांकलियांच्या पथकानं तिथं उत्खनन केलं आणि चाकावर घडवलेली लाल भांडी हाती आली. पक्की भाजलेली, टिचकी मारली तर धातूसारखी वाजणारी. त्यांवर काळ्या रंगात त्रिकोण, चौकटी, आडव्या-तिरप्या रेघा.

ग्रीसमध्ये इसवी सनापूर्वी ९०० ते ७०० या काळात अशीच भौमितिक नक्षीची भांडी बनत. ती जगभरच्या संग्रहालयांत मिरवतात. जोर्व्याची नक्षी त्याहून जुनी निघाली, इसवी सनापूर्वी १४०० च्या आसपासची!

मग नेवाशाला उत्खनन झालं. १९६८ पासून शिरूर तालुक्यातलं इनामगाव खोदायला घेतलं. तिथं ज. द. अन्सारी आणि म. के. ढवळीकर सोबत होते. घरं, चुली, कणग्या, भांडी भाजायची भट्टी, असं अख्खं गाव उजेडात आलं. लहान मूल गेलं की दोन मडक्यांची तोंडं जुळवून त्याला घरातच जमिनीखाली पुरत, हेही समजलं.

अशी गावं होती ती मुख्यतः देशावर. आंबेनळी घाट उतरून पोलादपूर-महाडकडे येणारी कोकणपट्टी या संस्कृतीच्या बाहेरच राहिली.

१९७३ मध्ये सांकलिया निवृत्त झाले. १९७४ मध्ये पद्मभूषण मिळालं. २८ जानेवारी १९८९ ला त्यांचं निधन झालं.

त्यांनी शोधलेला इतिहास दडला होता गावोगावच्या पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडात. ही पांढरी माती खत म्हणून शेतात नेली जाते. माती गेली की थर मोडतात आणि थर मोडले की खापराचं वय सांगता येत नाही. मग ते खापर नुसतं खापरच उरतं.