एडविन लँड: ‘परफेक्ट’ एक्स्पोजरच्या मागे लागलेला माणूस

फोनच्या कॅमेऱ्यात स्क्रीनवर टॅप केलं की छोटा सूर्य दिसतो. तो वर-खाली सरकवला की फोटो उजळ किंवा गडद होतो. याच कामाचं एक चाक १९७२ साली आलेल्या पोलरॉइड एसएक्स-७० या कॅमेऱ्यावर होतं. त्यामागे होते एडविन लँड. मी रोज कोड लिहितो, पण फीडबॅक म्हणजे काय हे मला या माणसाच्या कामातून जास्त नीट कळलं.

लँड यांचा जन्म १९०९ चा, अमेरिकेतल्या ब्रिजपोर्टचा. हार्वर्डचं शिक्षण त्यांनी अर्धवट सोडलं. समोरच्या गाडीच्या हेडलाइटने डोळे दिपू नयेत म्हणून चमक रोखणारी स्वस्त शीट बनवायची, हे त्यांच्या डोक्यात होतं. ती जमली आणि १९३७ मध्ये पोलरॉइड कंपनी उभी राहिली. एलसीडी स्क्रीनमध्येही असाच पोलरायझर लागतो.

१९४३ मध्ये सुट्टीत त्यांच्या ३ वर्षांच्या मुलीने विचारलं, की आत्ता काढलेला फोटो लगेच का दिसत नाही? लँड यांनी हा प्रश्न हसण्यावारी नेला नाही. फेब्रुवारी १९४७ मध्ये त्यांनी झटपट फोटोचं प्रात्यक्षिक दाखवलं आणि नोव्हेंबर १९४८ मध्ये बोस्टनच्या एका दुकानात मॉडेल ९५ विक्रीला आला. पहिल्याच दिवशी सगळे कॅमेरे संपले.

आता खरी अडचण बघा. साध्या फिल्मवर एक्स्पोजर थोडं चुकलं तर डार्करूममध्ये प्रिंट काढताना सांभाळून घेता येतं. इन्स्टंट फिल्ममध्ये ती संधीच नाही. हातात येतो तोच शेवटचा फोटो! त्यात या फिल्मला चूक फारशी चालत नाही: प्रकाश जास्त झाला तर चेहरा पांढराफटक, कमी झाला तर सगळं काळं.

मॉडेल ९५ मध्ये मीटर नव्हता. शटर आणि अ‍ॅपर्चर एकाच चाकाला जोडले होते, त्यावर १ ते ८ आकडे. अंदाजाने आकडा लावा, फोटो काढा, मिनिटभर थांबा, प्रिंट बघा, चुकलं तर आकडा बदला. म्हणजे फीडबॅक लूप होता, पण त्यात माणूस बसलेला आणि प्रत्येक चुकीला एक फिल्म वाया.

१९६३ च्या ऑटोमॅटिक १०० मध्ये हे काम सर्किटकडे गेलं. शटर उघडल्यावर सेल प्रकाश मोजत राहतो, पुरेसा झाला की ट्रान्झिस्टर सर्किट शटर बंद करतं. एसएक्स-७० मध्ये हेच तंत्र आणखी पुढे गेलं.

मग चाक कशाला? कारण सेलला प्रकाश कळतो, वस्तू कळत नाही. समोरचं सगळं मध्यम करड्या रंगाचं आहे असं धरूनच तो चालतो. त्यामुळे बर्फ मळकट येतो आणि काळ्या पडद्यासमोरचा चेहरा फिकट पडतो. बर्फ असेल तर चाक उजळ बाजूला, काळा पडदा असेल तर गडद बाजूला फिरवायचं. हा निर्णय लँड यांच्या कंपनीने माणसाच्याच हातात ठेवला.

पुढे प्रकाशानेच त्यांना अडवलं. १९७७ मध्ये आलेल्या पोलाव्हिजन या झटपट मूव्ही सिस्टिमची फिल्म इतकी मंद होती की घरात शूट करायला प्रखर दिवे लागायचे. शिवाय आवाज नाही, आणि समोर व्हिडिओ टेप उभी ठाकलेली. तोटा प्रचंड झाला. १९८० मध्ये लँड यांनी सीईओ पद सोडलं आणि १९८२ मध्ये स्वतःच उभारलेल्या कंपनीतून ते बाहेर पडले. ५३५ अमेरिकन पेटंट नावावर असलेला हा माणूस १ मार्च १९९१ रोजी गेला.

आज फोन चेहरा ओळखतो, अनेक फ्रेम जोडतो. तरी पांढऱ्या भिंतीसमोर किंवा खिडकीकडे पाठ करून बसलेल्या मित्राचा फोटो काढताना तो गडबडू शकतो. तेव्हा मित्राच्या चेहऱ्यावर टॅप करा आणि सूर्य थोडा वर सरकवा. तुमच्याकडे दहा वेळा प्रयत्न करायची सोय आहे. लँड यांच्या ग्राहकाकडे तेवढ्यासाठी फिल्मचं एक अख्खं पाकीट जायचं.