२० हजार अक्षरं हाताने मोजणारा माणूस: आंद्रेई मार्कोव्ह

असाइनमेंट एआय टूलकडून लिहून घ्यायचं आणि मग ते एआय डिटेक्टरमध्ये टाकून किती टक्के येतात ते बघायचं, हे आता कॉलेजात रोजचंच झालंय. पण या दोन्ही टूल्सच्या मुळाशी असलेल्या एका कल्पनेवर एका रशियन गणितज्ञाने १०० हून अधिक वर्षांपूर्वी काम केलं होतं, तेही कॉम्प्युटरशिवाय. इंजिनीअरिंगला असाल तर मार्कोव्ह चेन हे नाव सिलॅबसमध्ये वाचलं असेल. आज त्या नावामागच्या माणसाला भेटूया.

आंद्रेई मार्कोव्ह यांचा जन्म १८५६ मध्ये रशियातल्या रियाझान इथे झाला. लहानपणी पायाच्या आजारामुळे ते कुबड्या घेऊन चालायचे. शाळेत गणित सोडून बाकी विषयांत फार काही चमक नव्हती. सेंट पीटर्सबर्ग विद्यापीठात त्यांना चेबिशेव्ह यांच्यासारखे गुरू मिळाले, १८७८ मध्ये सुवर्णपदक मिळालं आणि पुढे ते तिथेच प्राध्यापक झाले.

स्वभाव एकदम तापट. पटलं नाही की समोर कोण आहे हे बघायचे नाहीत. लेखक टॉलस्टॉय यांना चर्चने बहिष्कृत केलं होतं, तर १९१२ मध्ये मार्कोव्ह यांनी स्वतःहून चर्चला कळवलं की मलाही बाहेर काढा. त्याआधी १९०८ मध्ये प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांवर पाळत ठेवावी असा सरकारी आदेश निघाला होता, तोही त्यांनी साफ नाकारला.

भांडणातून निघालेलं गणित

मॉस्कोचे गणितज्ञ नेक्रासोव्ह यांचं म्हणणं असं, की मोठ्या संख्येचा नियम फक्त स्वतंत्र घटनांनाच लागू होतो. म्हणजे नाणं हजारदा उडवलं तर छापा साधारण निम्म्या वेळा येतो, कारण प्रत्येक फेक आधीच्या फेकीपासून मोकळी असते. माणसाच्या कृतींच्या आकडेवारीतही असाच नियम दिसतो, म्हणून माणसाची इच्छा स्वतंत्र आहे, असा धार्मिक निष्कर्ष त्यांनी त्यातून काढला होता.

मार्कोव्ह यांना हे अजिबात पटलं नाही. १९०६ मध्ये त्यांनी सिद्ध करून दाखवलं, की एक घटना आधीच्या घटनेवर अवलंबून असली तरी हा नियम टिकू शकतो. घटनांची ही साखळी म्हणजेच मार्कोव्ह चेन.

मग १९१३ मध्ये त्यांनी पुश्किनची येवगेनी ओनेगिन ही काव्य-कादंबरी घेतली आणि तिची पहिली २०,००० अक्षरं मोजली. त्यात ८,६३८ स्वर आणि ११,३६२ व्यंजनं निघाली. स्वरानंतर लगेच पुन्हा स्वर येण्याची शक्यता होती सुमारे १३ टक्के, तर व्यंजनानंतर स्वर येण्याची ६६ टक्के. म्हणजे आधी काय आलंय यावरून पुढे काय येईल याचा अंदाज बांधता येतो.

ओळखीचं वाटतंय ना? तुमचा कीबोर्ड पुढचा शब्द सुचवतो तेव्हा आणि चॅटबॉट निबंध लिहितो तेव्हा मूळ प्रश्न हाच असतो. आजची मॉडेल्स एका अक्षराऐवजी हजारो शब्दांचा संदर्भ बघतात आणि त्यांची रचनाही कितीतरी गुंतागुंतीची आहे. पण मार्कोव्ह यांच्या तक्त्यात पुश्किनला काय म्हणायचंय याचा एकही आकडा नव्हता. तसंच पुढचा शब्द शोभून दिसला म्हणजे वाक्य खरं असेलच असं नाही. म्हणून टूलने दिलेला प्रत्येक संदर्भ खरंच अस्तित्वात आहे का, हे उघडून बघावंच लागतं.

पहिल्या डिटेक्टरवरचा आक्षेप

१९१५ मध्ये झारच्या कैदेत २० हून अधिक वर्षं काढलेल्या मोरोझोव्ह यांनी एक पद्धत मांडली. लेखक छोटे-छोटे शब्द किती वेळा वापरतो हे मोजायचं आणि त्यावरून लेखन त्याचं की चोरीचं ते ओळखायचं. मार्कोव्ह यांनी पुढच्याच वर्षी त्यावर टीका केली. मुद्दा सरळ होता: मजकुराचा तुकडा छोटा असेल तर एकाच लेखकाच्या दोन तुकड्यांतही आकडे बरेच हलतात. त्यावरून कुणाला चोर ठरवता येत नाही.

आजही हा मुद्दा जुना झालेला नाही. २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी सात एआय डिटेक्टर तपासले. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी स्वतः लिहिलेल्या ९१ टोफेल निबंधांपैकी सरासरी ६१ टक्के निबंध या टूल्सनी एआयचे ठरवले. मराठी माध्यमातून शिकून साध्या इंग्रजीत प्रोजेक्ट रिपोर्ट लिहिणाऱ्या मुलांनी हा आकडा लक्षात ठेवावा. ओपनएआयनेही आपला डिटेक्टर अचूकता कमी असल्यामुळे त्याच वर्षी बंद केला.

तेव्हा डिटेक्टर किती टक्के दाखवतो यापेक्षा तो निर्दोष माणसाला किती वेळा दोषी ठरवतो, हे आधी विचारा. आणि आपल्या लेखनाचे कच्चे ड्राफ्ट, व्हर्जन हिस्ट्री जपून ठेवा. उद्या कुणी बोट दाखवलंच तर तेच कामी येतील.

१९१७ च्या धामधुमीत मार्कोव्ह झारायस्क या छोट्या गावी गेले आणि तिथल्या शाळेत त्यांनी पगार न घेता गणित शिकवलं. १९२२ मध्ये पेट्रोग्राडमध्ये त्यांचं निधन झालं. पुढे १९४८ मध्ये क्लॉड शॅनन यांनी हीच साखळी इंग्रजी मजकुरावर चालवून बघितली, आणि तिथून ही वाट आपल्या मोबाईलपर्यंत आली.