देवांच्या वाटा पायी शोधणारा गणितज्ञ

गावाकडच्या म्हसोबाला, वेताळाला इतिहासाच्या पुस्तकात जागा मिळवून दिली, त्यात एका गणितज्ञाचा मोठा वाटा आहे. ते म्हणजे दामोदर धर्मानंद कोसंबी. 1907 मध्ये गोव्यात जन्म. लहानपणीच वडिलांसोबत अमेरिकेला गेले, 1929 मध्ये हार्वर्डची पदवी घेतली आणि मायदेशी परतले. पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गणिताचं काम, घर मात्र पुण्यात. रोजचा प्रवास डेक्कन क्वीनने!

वेळ मिळाला की काठी घेऊन पुण्याभोवतीचे डोंगर तुडवायचे, धनगरांशी, गावकऱ्यांशी बोलायचं. शेंदूर लावलेल्या दगडांच्या आसपास त्यांना अश्मयुगातली बारीक हत्यारं सापडली.

एक कोडं त्यांना पडलं. देवी ज्या महिषासुराला मारते, तोच म्हसोबा. मग काही गावांत तो जोगुबाईचा नवरा कसा? त्यांनी उलगडा केला तो असा, की गुराखी आपला देव घेऊन फिरत आले, तेव्हा तिथे आधीच्या लोकांची देवी होती. माणसं भांडली तिथे देव भांडले. माणसं एकत्र नांदली तिथे देवांचं लग्न लागलं. हे सगळं 1962 च्या ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ या पुस्तकात आलं. 1966 मध्ये पुण्यात ते गेले.

नजमात बॅगेतून देवाचे टाक आणणारे आपणही त्याच वाटेवरचे. आपलं कुलदैवत कुठून कुठे आलं, हे घरच्या म्हाताऱ्या माणसांना फोनवर विचारून ठेवा. नंतर सांगणारं कुणी उरत नाही.