विहिरीवरची मोटार ३३ फुटांवर का हरते? टॉरिचेल्लीची गोष्ट

उन्हाळ्यात पाणी खोल गेलं की हिंगोलीकडचे शेतकरी विहिरीच्या काठावरची मोटार खाली उतरवतात. कारण मोटार कितीही हॉर्सपॉवरची असो, वरून ओढून पाणी साधारण ३३ फुटांच्या वर येत नाही. (खरं तर पंचविशीतच तिला दम लागतो.) सतराव्या शतकात इटलीतल्या पंपवाल्यांचीही हीच अडचण होती.

ती सोडवली एव्हांजेलिस्टा टॉरिचेल्लीने. जन्म १६०८ चा. १६४१ मध्ये तो गॅलिलिओकडे राहायला गेला, तेव्हा गॅलिलिओ आंधळा झालेला आणि नजरकैदेत होता. जेमतेम तीन महिन्यांची सोबत. जानेवारी १६४२ मध्ये गुरू गेला आणि त्याच्या जागी टस्कनीच्या ड्यूकने टॉरिचेल्लीला दरबारी गणितज्ञ नेमलं.

निसर्गात रिकामी जागा असूच शकत नाही, ती भरायलाच पाणी पंपात चढतं, अशी तेव्हाची समजूत. टॉरिचेल्लीने पाण्याऐवजी पारा घेतला. तो साडेतेरा पट जड, म्हणून चार फुटी काचेची नळी पुरली. १६४३ मध्ये पाऱ्याने भरलेली नळी पाऱ्याच्याच भांड्यात उलटी केली. पारा उतरला आणि ७६ सेंटिमीटरवर थांबला.

वर काय उरलं? दगडासारखा स्थायू आकार धरून राहतो. द्रव आणि वायू वाहतात, म्हणून दोघांनाही द्रायू म्हणतात. पण वायू मिळेल ती सगळी जागा व्यापतो, द्रव आपलं आकारमान सोडत नाही. पारा पसरला नाही, म्हणूनच वर पोकळी उरली (पाऱ्याची किंचित वाफ सोडली तर). आणि पाऱ्याला तोलून धरत होती भांड्यावर दाबणारी हवा. पंप पाणी ओढत नाही, बाहेरची हवा ते ढकलते. तिचा जोर ३३ फुटांना संपतो.

गॅलिलिओला चर्चने शिक्षा दिली ती १६३३ मध्ये. टॉरिचेल्लीने हा प्रयोग छापला नाही, १६४४ मध्ये रोममधल्या रिची या मित्राला पत्राने कळवला. मला तरी यात भीती दिसते. ऑक्टोबर १६४७ मध्ये, ३९ व्या वर्षी तो गेला. पुढच्याच वर्षी फ्रान्समध्ये पास्कलच्या मेहुण्याने पाऱ्याची नळी डोंगरावर नेली. उंचीवर हवेचा दाब कमी, म्हणून पारा उतरला. टॉरिचेल्लीचं म्हणणं खरं ठरलं, पण ते पाहायला तो नव्हता.

औंढा नागनाथजवळ दुधाळ्याला लायगो-इंडिया उभी राहतेय. तिच्या ४ किलोमीटरच्या दोन नळ्यांतून जवळपास सगळी हवा काढावी लागेल, नाहीतर लेझरच्या वाटेत वायूचे रेणू येतील. अशा पोकळीतला दाब मोजायचं एक एकक आहे टॉर. ते टॉरिचेल्लीच्याच नावावरून आलंय.