जॉर्ज म्यूलर व मंडळीची दानपेटी

ब्रिस्टल शहरी अनाथ मुलांचे पालन करणारे जॉर्ज म्यूलर यांचे नाव आमच्या वाचकांस नवे नाही. प्रार्थनेच्या बळावर त्यांनी हजारो मुले पोसली, हे आपण पुष्कळ उपदेशांतून ऐकतो. परंतु अनाथालय काढण्यापूर्वी एका लहानशा मंडळीत दानाविषयी त्यांनी जे केले, ते फारसे सांगण्यात येत नाही. म्हणून ती हकीकत येथे देतो.

म्यूलर यांचा जन्म २७ सप्टेंबर १८०५ रोजी प्रशिया देशात झाला. वडील सरकारी वसुलीच्या कामावर होते. दहा वर्षांचे होण्यापूर्वीच या मुलाने वडिलांजवळील सरकारी पैसे चोरण्यास आरंभ केला होता, व सोळाव्या वर्षी उतारगृहाचे देणे बुडविल्यावरून त्यास तुरुंगवास घडला. पुढे १८२५ साली हाले येथे विद्यार्थी असता एका घरगुती प्रार्थनासभेत त्याचे अंतःकरण पालटले.

१८२९ साली म्यूलर इंग्लंडात आले, आणि १८३० साली टिनमथ येथील एका छोट्या मंडळीचे पाळक झाले. वेतन सालीना ५५ पौंड, व ते बाकांच्या भाड्यातून मिळत असे. मंदिरातील बाके भाड्याने देण्याची ही रीत त्या काळी इंग्लंडात सर्रास होती. पैसेवाल्यास चांगली जागा मिळे व गरीब बंधू मागे बसे. वचनाचा अभ्यास करता करता म्यूलर यांस ही रीत सलू लागली. सोन्याची अंगठी घातलेल्यास मानाची जागा देण्याचा जो दोष याकोबाने दुसऱ्या अध्यायात दाखविला आहे, तो त्यांस आपल्याच मंदिरात दिसला. शिवाय तिमाही भरताच हाती पैसा नसताना कुरकुरत दिलेले भाडे हे संतोषाचे दान कसे म्हणावे? आणि ज्यांच्या भाड्यावर पाळकाचे पोट, त्यांस कटू सत्य सांगताना त्याची जीभ अडखळण्याचे भय असतेच. ऑक्टोबर १८३० च्या अखेरीस त्यांनी वेतन सोडले. त्याच महिन्यात त्यांचा विवाह झाला होता! पत्नी मेरी या निश्चयात त्यांच्या सोबतीस उभी राहिली.

मंदिरात एक पेटी ठेवण्यात आली. ज्यास पाळकाच्या निर्वाहासाठी काही द्यावयाचे असेल त्याने तीत टाकावे. कोणी किती टाकले हे कोणास कळू नये. पेटी दर आठवड्यास उघडावी अशी म्यूलर यांची इच्छा होती. परंतु कारभारी बंधू कधी विसरत, कधी इतकी थोडी रक्कम काय नेऊन द्यावी म्हणून लाजत, व तीन-चार आठवडे, क्वचित पाच आठवडेही पैसे पेटीतच राहत. जानेवारी १८३१ मध्ये तर पेटी उघडून पैसे काढलेले पती-पत्नींनी पाहिले, तरी कित्येक दिवस ते घरी आले नाहीत. त्या दोघांनी मागितले नाही; त्या बंधूचे मन वळावे म्हणून प्रार्थना केली, आणि तो पैसे घेऊन आला. त्या वर्षाचा हिशेब पाहता, सोडलेल्या वेतनाच्या दुपटीहून अधिक त्यांस मिळाले होते.

म्यूलर यांचा विश्वास थोर होताच. परंतु त्यामुळे त्या कारभाऱ्यांची दिरंगाई क्षम्य होत नाही, असे आम्हांस वाटते. म्यूलर यांचे चरित्र वाचून आपल्या उपदेशकाने विश्वासाने जगावे असे म्हणणारे, आणि देवासाठी काढलेले मूठभर धान्य थोडे म्हणून घरातच ठेवणारे, यांनी हा भाग पुन्हा वाचावा. वेतन घेणे हे पाप नव्हे. कामकऱ्याच्या मजुरीविषयी पौलाने स्पष्ट लिहिले आहे.

१८३२ साली ते हेन्री क्रेक यांजसह ब्रिस्टलास गेले. तेथील गिदोन मंदिरात बाकांचे भाडे बंद व्हावे ही त्यांची अट होती. बेथेस्डा मंदिरातील मंडळीचा आरंभ अवघ्या सात जणांनी झाला. १८३६ पासून अनाथालय चालले. त्याच्या वार्षिक अहवालात दात्याचे नाव छापत नसत, तरी प्रत्येक दान, मग ते कितीही लहान असो, नोंदलेले असे. ते पोहोचले की नाही हे दात्यास पडताळता येई. आमच्या केडगावच्या पंडिता रमाबाईंनीही म्यूलर यांचा वृत्तांत वाचून धीर घेतला होता.

१० मार्च १८९८ रोजी ते प्रभूजवळ गेले. त्यांस व्यक्तिशः मिळालेल्या देणग्यांपैकी ८१,००० पौंडांहून अधिक रक्कम त्यांनी देऊन टाकली होती. मागे राहिलेली मालमत्ता, घरातील सामान धरून, २०० पौंडांचीही नव्हती.