लिनियस ट्राइप आणि हिवाळ्यातील जुनी नगरे

दक्षिण हिंदुस्थान व ब्रह्मदेश येथील जुन्या नगरांच्या छायाचित्रांचा विचार करताना लिनियस ट्राइप या नावापाशी थांबावेच लागते. इंग्लंडातील डेव्हनपोर्ट येथे १८२२ साली जन्मलेला ट्राइप ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास सैन्यात अधिकारी होता. रजेवर मायदेशी असताना तो छायाचित्रणकला शिकला व १८५४ साली बंगळूरला परतला. त्याच डिसेंबरात त्याने हळेबीड-बेलूरच्या मंदिरांची छायाचित्रे घेतली. १८५५ च्या मद्रास प्रदर्शनात ती गौरवली गेली.

त्याच वर्षी तो आर्थर फेअर याच्या शिष्टमंडळाबरोबर अमरपूर या ब्रह्मी राजधानीत गेला. तेथील लाकडी विहार व रस्ते त्याने टिपले आणि बंगळूरला १२० चित्रांचे ५० संच छापून घेतले. १८५७ साली राजा मिंडोन याने मंडाले वसवावयास घेतले. अमरपुरातील अनेक इमारती उतरवून तिकडे नेण्यात आल्या. मूळ नगराचे रूप त्यामुळे बव्हंशी या चित्रांतच उरले.

१८५७ साली मद्रास सरकारचा छायाचित्रकार म्हणून नेमणूक झाल्यावर डिसेंबरात तो बंगळूरहून दौऱ्यावर निघाला. आज इलेक्ट्रॉनिक सिटी ज्या दिशेला आहे, त्याच दिशेला होसूरपलीकडे रायकोट्टै लागते; त्या स्थळाचाही एक चित्रसंग्रह त्याने सिद्ध केला. उन्हाळ्यात रसायने बिघडत; म्हणून हिवाळा हाच कामाचा काळ. प्रकाश कागदावर उमटण्यास बराच वेळ लागे व चालती माणसे चित्रात येतच नसत. त्याच्या चित्रांतील घरे व महाल निर्जन वाटतात, याचे एक कारण हे आहे.

मदुरेत त्याने तिरुमल नायकाच्या सतराव्या शतकातील महालाची पडझड चित्रित केली. तंजावरास शिवाजी राजे १८५५ साली निपुत्रिक वारले होते व भोसल्यांचे राज्य खालसा झाले होते. तेथील बृहदीश्वर मंदिराच्या आवारात १८०३ चा भोसले कुळाचा मराठी शिलालेख आहे. त्याच मंदिराच्या जोत्यावरील तमिळ लेख ट्राइपने २१ चित्रे जोडून सुमारे १९ फूट लांबीच्या एका पट्टीत उतरवला.

पुढे गव्हर्नर ट्रेव्हेलियन याला हे खाते सरकारी तिजोरीस न परवडणारी चैन वाटली व ते बंद झाले. ट्राइपने त्यानंतर छायाचित्रण जवळजवळ सोडलेच. १९०२ साली डेव्हनपोर्ट येथेच त्याचे निधन झाले.

मदुरेच्या महालाची दुरुस्ती गव्हर्नर नेपियर याच्या कारकीर्दीत, म्हणजे १८६६ ते १८७२ या काळात झाली. आज दिसतो तो महाल हा शुद्ध केलेला पाठ होय. त्यापूर्वीची पोथी ट्राइपने राखली. जिला चैन म्हणून निकाली काढले, तीच नोंद आज अभ्यासकाचा आधार ठरली आहे.