ऑग्युस्त पेरे : काँक्रीटच्या प्रार्थनामंदिराचे शिल्पकार

जबलपूर म्हटले की भेडाघाटचे संगमरवरी कडे डोळ्यांसमोर उभे राहतात. परंतु या परिसराने बांधकामासाठी केवळ दगडच दिला नाही. १९९८ पर्यंत जबलपूर जिल्ह्यात असलेल्या कटनी येथे पहिल्या महायुद्धाच्या काळात सिमेंटचा कारखाना सुरू झाला. भारतातील अगदी आरंभीच्या सिमेंट कारखान्यांपैकी तो एक होय. त्या काळी काँक्रीट म्हणजे पूल, गोदामे आणि गिरण्या यांचे साहित्य. प्रभूच्या मंदिराला दगडच शोभतो, अशी सर्वत्र समजूत होती. ही समजूत ज्यांच्या कार्याने मोडली, ते फ्रेंच वास्तुशिल्पी म्हणजे ऑग्युस्त पेरे.

पेरे यांचा जन्म १२ फेब्रुवारी १८७४ रोजी बेल्जियममध्ये, ब्रसेल्सजवळ झाला. त्यांचे वडील पाथरवट होते. १८७१ च्या पॅरिसमधील बंडात भाग घेतल्यामुळे त्यांना देशत्याग करावा लागला होता. पुढे बंडवाल्यांना क्षमा मिळाल्यावर हे कुटुंब पॅरिसला परतले व वडिलांनी बांधकामाचा व्यवसाय उभारला. ऑग्युस्त यांनी तेथील नामांकित कलाविद्यालयात वास्तुकलेचे शिक्षण घेतले; परंतु पदवी न घेताच ते वडिलांच्या कामात उतरले. १९०५ मध्ये वडील वारल्यानंतर ते व त्यांचे बंधू यांनी मिळून व्यवसाय चालविला. आराखडा काढणारा आणि प्रत्यक्ष बांधणारा हात एकच असल्याने प्रत्येक खांबाचा व प्रत्येक साच्याचा खर्च त्यांना नेमका ठाऊक असे.

हे ज्ञान लवकरच एका मंडळीच्या कामी आले. पॅरिसच्या पूर्वेस ल रँसी नावाचे उपनगर आहे. १९१४ मध्ये जर्मन सेना पॅरिसच्या दाराशी आली, तेव्हा तिला थोपविणारी लढाई येथून फार दूर नव्हती. युद्ध संपल्यावर तेथील धर्मगुरू फेलिक्स नेग्र यांनी धारातीर्थी पडलेल्यांच्या स्मरणार्थ मंदिर बांधण्याचे मनावर घेतले. घरोघरी शोक होता, पण निधी तुटपुंजा होता. दगडी मंदिर आवाक्याबाहेरचे होते. अखेर हे काम पेरे बंधूंकडे आले.

काँक्रीटचे मंदिर हा प्रयोग अगदीच नवा नव्हता. पॅरिसमधील माँमार्त्र येथे १९०४ मध्ये असे एक मंदिर पूर्ण झाले होते. परंतु त्याचा दर्शनी भाग विटांनी झाकला होता. पेरे यांनी काहीच झाकले नाही. १९२२ मध्ये काम सुरू झाले आणि १७ जून १९२३ रोजी मंदिराचे समर्पण झाले. खर्च वाचावा म्हणून तेच साचे पुन्हा पुन्हा वापरून सुमारे ११ मीटर उंचीचे सडपातळ खांब ओतण्यात आले. त्यांवर अवघ्या काही सेंटिमीटर जाडीचे कमानदार छत टेकविले. छताचा भार खांबांनीच पेलल्यामुळे भिंतींवर काही ओझे उरले नाही. मग भिंतींच्या जागी काँक्रीटच्या जाळ्या बसवून त्यांत रंगीत काचा भरल्या. चित्रकार मॉरिस दनी व काचकाम करणाऱ्या मार्गरीत ह्यूरे यांचा त्यात मोठा वाटा होता. आत पाऊल टाकताच उपासकाला चोहोंकडून रंगीत प्रकाश वेढून घेतो. राखाडी खांबांना गिलावाही नाही. पण त्यांची उणीव कोणाला भासत नाही.

हे काम दूरवर पोहोचले. टोकियो येथील ख्रिस्ती महिला महाविद्यालयाचे प्रार्थनामंदिर ॲन्टोनिन रेमंड यांनी याच मंदिरावरून बेतले; पाँडिचेरीतील 'गोलकोंद' ही काँक्रीटची वास्तूही त्यांचीच. चंडीगढचे रचनाकार ल कॉर्ब्युझिए यांनीही तरुणपणी पेरे यांच्या हाताखाली काम केले होते.

दुसऱ्या महायुद्धात, १९४४ मध्ये, ल आव्र हे बंदर बॉम्बवर्षावाने उद्ध्वस्त झाले. सत्तरी ओलांडलेल्या पेरे यांच्याकडे ते शहर पुन्हा वसविण्याचे काम आले. तेथे मृतांच्या स्मरणार्थ त्यांनी संत योसेफाचे मंदिर योजिले. त्याचा मनोरा शंभर मीटरहून उंच आहे. तो पूर्ण झालेला पाहणे मात्र त्यांच्या नशिबी नव्हते. २५ फेब्रुवारी १९५४ रोजी पॅरिस येथे त्यांचे निधन झाले आणि उरलेले काम सहकाऱ्यांनी तडीस नेले. २००५ मध्ये या पुनर्रचित शहराला जागतिक वारसास्थळाचा मान मिळाला.

ल रँसीच्या मंदिराने पुढे त्रासही दिला. पातळ काँक्रीटमध्ये पाणी मुरले, आतील लोखंडी सळ्या गंजल्या आणि मोठ्या दुरुस्त्या कराव्या लागल्या. स्वस्तात उभारलेल्या वास्तूची निगा स्वस्त नसते, हा धडा आपल्याकडील मंडळ्यांनीही ध्यानी घ्यावा. तरीही आजच्या आपल्या कित्येक प्रार्थनामंदिरांत तेच सिमेंट, तीच वाळू व खडी असते. ती पाहून कोणी ओशाळू नये. गरीब विधवेच्या दोन टोल्या प्रभूने मोलाच्या मानल्या. एका शोकाकुल मंडळीचे साधेसुधे साहित्यही तसेच प्रामाणिक हातांनी त्याच्या सेवेस लागले आणि सुंदर ठरले.